रात्री धूर झाला तर जागे कोण करणार?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. १० बाळे गेली. त्यांतली ३ भाजून आणि ७ धुराने गुदमरून गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मोठ्या माणसांच्या घरातही असेच होते. ज्वाला पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. झोपेत नाक जवळजवळ बंदच असते, वासाने जाग येत नाही. कान मात्र जागा असतो. स्मोक अलार्म म्हणजे धूर ओळखून जोरात ओरडणारी छोटी डबी.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दसऱ्यानंतर कापूस घरात येतो. भाव वाढेल म्हणून आपण तो झोपायच्या खोलीतच रचतो. बाजूला पऱ्हाट्या, फवारणीचे डबे, उशाशी मच्छर अगरबत्ती आणि एका बोर्डावर तीन-चार पिना. कापूस आतल्या आत तासन् तास धुमसतो, ज्वाला दिसतच नाही. म्हणून दुकानात ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकारचा अलार्म मागा. धुमसणारा धूर तो लवकर पकडतो. ‘स्वतःच्या बॅटरीवर चालतो का, आवाज स्वतः करतो का?’ हेही विचारा. मोठ्या इमारतींसाठीचे, पॅनेलला जोडायचे डिटेक्टर दिसायला तसेच असतात. ते घरी लावले तर नुसते शोभेचे राहतात.

धूर वर चढतो, म्हणून पक्के छत असेल तर डबी छताच्या मध्याजवळ लावावी. टिनाच्या घरात मात्र टिनालाच ठोकू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. टिनाखाली तापलेल्या हवेचा थर बसतो, धूर त्याच्या खालीच अडतो आणि यंत्रही खराब होते. टिनापासून वीतभर खाली, भिंतीवर किंवा आडव्या लाकडावर, कोपरा टाळून लावा. खोकल्यावर कापूस असेल त्या खोलीत आधी, मग झोपायच्या खोलीत.

एकाच खोलीत चूल असेल तर? खरे सांगायचे तर ही डबी रोज ओरडेल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल. अशा घरात चूल पडवीत नेणे किंवा कापूस दुसरीकडे ठेवणे, हेच आधी. गॅसची गळती हा अलार्म ओळखत नाही, हेही ध्यानात असू द्या.

देखभाल फार नाही, पण विसरली जाते. आम्ही पौर्णिमा धरतो. वंदना झाली की डबीवरचे बटण दाबायचे, आवाज आला म्हणजे ठीक. बॅटरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बदलावी, कापूस घरात यायच्या आधी. अधूनमधून एकदाच ‘टिक्’ वाजू लागले तर बॅटरी संपत आली आहे. ती पोरांच्या खेळण्यात गेलेली नाही ना, तेही पाहा! कापसाचे तंतू, जाळे, किडे आत शिरतात, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पाणी लावू नका. भीमजयंतीला घर रंगवताना डबी झाका आणि नंतर झाकण काढायला विसरू नका. १० वर्षांनी यंत्रच बदलायचे असते, तारीख मागे छापलेली असते.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती झोपण्यापूर्वी विझवावी, मच्छर अगरबत्ती ताटलीत, कापसापासून लांब. आणि वाजल्यावर काय करायचे ते घरात एकदा करून पाहा: वाकून, जमिनीलगत दाराकडे, आजीचा हात कोण धरणार ते आधीच ठरलेले. दाराला आतून कुलूप नको, कडीच पुरे. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ लावा. कापसासाठी परत आत जाऊ नका.

डबीचा खर्च एकट्याला जड वाटत असेल तर बचत गटातून दोन-दोन घरांनी मिळून घेता येत नाही, कारण ती एका घरातच वाजते. गटाच्या पैशातून हप्त्याने मात्र घेता येते. बहिऱ्या आजोबांच्या घरी आवाज पोहोचला तरी उपयोग नसतो. तिथे शेजारच्या घरातला माणूस आधीच नेमून ठेवा.