दिव्यांग विद्यार्थी आणि बारावीची परीक्षा

दहावी उत्तीर्ण झालेला दिव्यांग विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या भोवतालची व्यवस्था एकाएकी बदलते. ओळखीचे शिक्षक मागे राहतात, नवे महाविद्यालय बहुधा तालुक्याच्या गावी असते आणि वर्गातील विद्यार्थिसंख्याही मोठी असते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १४ वर्षांची. तथापि, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ अन्वये ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेची व्याप्तीही बारावीपर्यंत आहे.

याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची तरतूद असून जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जादा वेळ ताशी किमान २० मिनिटे धरावयाचा असतो. म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका ११ वाजता सुरू झाली, तर अशा विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका ३ वाजेपर्यंत घेता येत नाही. या तासास 'सवलत' म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो शब्द फारसा योग्य नव्हे. प्रश्न ऐकून घेणे, उत्तर मनात जुळविणे, ते सांगणे आणि लिहिलेले पुन्हा वाचवून घेणे यांत जो काळ जातो, त्याची ही केवळ भरपाई होय.

४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांना लेखनिक मिळणार नाही, असा समज बरीच वर्षे रूढ होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात तो दूर केला. लिहिताना हाताच्या स्नायूंना पेटके येणाऱ्या उमेदवाराचे ते प्रकरण होते. त्यानंतर लेखनात अडचण असलेल्या अशा परीक्षार्थींसाठी १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. उत्तर तोंडी सांगणे ही एक स्वतंत्र कला आहे. परिच्छेद कोठे पाडावा, गणितातील कंस कोठे उघडतो व कोठे मिटतो, आकृतीला नावे कशी द्यावीत, हे सारे दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावयाचे असते. ज्याने ही सवय केलेली नाही, त्याचा पहिला तास गोंधळातच जातो. म्हणून अकरावीच्या सहामाही परीक्षेपासूनच लेखनिकासह सराव घडविणे इष्ट. कर्णबधिर विद्यार्थ्याची निकड निराळी आहे. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा तास तेथेच संपतो. बोलणे आणि लिहिणे एका वेळी न करणे, एवढा बदल कोणत्याही अनुदानाविना करता येतो.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. साहित्यवाटपाबरोबरच या निधीचा विचार विद्यार्थ्याच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंतच्या वाटेसाठीही व्हावा. उतरत्या मार्गाचा उतार १:१२ असावा लागतो. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर त्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर हवी. दीड-दोन मीटरांत आटोपलेले उतार अनेक इमारतींपुढे दिसतात. त्यांवरून चाकाची खुर्ची चढत नाही, सायकली मात्र लावल्या जातात.

सर्वांत अधिक नुकसान होते ते विलंबाने. वैद्यकीय प्रमाणपत्र जुने वा अपुरे असल्याचे ऐन परीक्षेच्या तोंडावर ध्यानात येते, आणि तपासणीची तारीख मिळेपर्यंत परीक्षा उलटून जाते. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांनी कागदपत्रे पाहून घ्यावीत, उणीव असल्यास विद्यार्थ्यास लेखी कळवावे आणि जिल्हा रुग्णालयातील तपासणीच्या दिवशी त्याची गैरहजेरी मांडू नये.