चौलचे अवशेष कुणाच्या तरी वाडीत आहेत

चौलला रेल्वे जात नाही. सहलीच्या जाहिरातीत मात्र ‘रेल्वेने प्राचीन चौल, जाणकार मार्गदर्शकासह’ असं ठळक छापलेलं होतं. त्यातली रेल्वे पनवेलच्या पुढे पेणला संपली. तिथून वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, आक्षी, नागाव करत चौल-रेवदंडा गाठायचं म्हणजे जवळजवळ पन्नास किलोमीटरचा रस्ता. शनिवारची सकाळ, त्यामुळे अर्धी मुंबई त्याच रस्त्यावर. वडखळला बस अशी अडकली की डब्यातली थालीपिठं तिथेच संपली. नागावपासून पुढचा रस्ता वाड्यांमधून जातो आणि समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला थांबावंच लागतं. रेवदंड्याच्या तटातून आत शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आयोजकांच्या कागदावर त्या एका दिवसात रेवदंड्याचा कोट, सातखणी मनोरा, कोर्लई किल्ला, रामेश्वर, हिंगलाज आणि दत्ताचा डोंगर असं सगळं होतं. असा कागद हातात आला तर आधी आयोजकांना एवढंच विचारा: भरती किती वाजता आहे? उत्तर आलं नाही, तर त्यांनी चौल नकाशावरच पाहिलेलं आहे असं समजा.

आमच्यातल्या एक काकू मुलाकडे अमेरिकेला गेल्या असताना पुढे पेरूलाही जाऊन आल्या होत्या. बसमध्ये त्यांनी माचू पिचूची हकिकत सांगितली. ओयान्तायताम्बोहून गाडी डोंगराच्या पायथ्याच्या गावात नेते, तिथून बस वर चढते, तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि आत फिरायची वाटसुद्धा ठरवून दिलेली असते. तिथे भलतीकडे जायची सोयच नाही. ऐकताना मनात आलं, की पंधराव्या शतकाच्या मध्यावर इंका सम्राट पाचाकुती डोंगरावर ते नगर वसवत होता, तेव्हा आपलं चौल बहमनी राज्याचं गजबजलेलं बंदर होतं. १४६९च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन इथेच उतरला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात स्तंभ आहे, पण आमची बस त्याच्यापाशी थांबली नाही. चौलहून पालीला पोहोचायला आठ दिवस लागल्याचं त्याने नोंदवलं आहे. वडखळला आम्ही कुरकुरत होतो तेव्हा हे आठवायला हवं होतं.

पण माचू पिचूत आज कुणी राहत नाही. रेवदंड्यात लोक राहतात. पोर्तुगीजांचा तट अजून गावाला कवेत घेऊन आहे, हमरस्ता त्यातून जातो आणि आतल्या चर्चांच्या भिंती नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये उभ्या आहेत. तिकीटखिडकी नाही, आखलेली वाट नाही. म्हणून इथे मार्गदर्शक कसा आहे याला फार महत्त्व येतं, आणि आमची अडचण तिथेच झाली.

आमच्या मार्गदर्शकाने सरळ एका वाडीचं फाटक ढकललं आणि आम्ही वीस-पंचवीस माणसं कॅमेरे सरसावून आत. सुपारी वाळत घातली होती, तिच्यावर पाय पडता पडता राहिले. घरातून आजी बाहेर आल्या.

“कोणाला विचारून आलात?”

“आजी, किल्ला सरकारी आहे,” मार्गदर्शक म्हणाला.

“किल्ला सरकारचा. माड आमचे.”

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. काकू पुढे झाल्या, दोन शब्द गोड बोलल्या, तशा आजी निवळल्या. आम्हाला माडांखालून बाजूला घेतलं, कारण वरून नारळ पडला तर डोकं राहणार नाही. तटाकडे जायची खरी पायवाट दाखवली. वाडीत मधेच ऊन का पडलंय हेही त्यांच्याचकडून कळलं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळी आडव्या झाल्या. नवी लावलेली पोफळ फळायला वर्षं लागतात, आणि मधल्या काळात आपल्यासारखी माणसं रोपं तुडवून जातात. पुढे दिवसभरात मार्गदर्शकाने जे सांगितलं त्यापेक्षा या दहा मिनिटांत जास्त कळलं. तेव्हा वाडी दिसली की आधी हाक मारा. चौल-रेवदंड्यात हाकेला कुणीतरी ओ देतंच, आणि ‘या, बघा’ असंच बहुधा म्हणतं. पाच-सहा जणांनाच आत जाऊ द्या. बाकीच्यांनी रस्त्यावर थांबून सोलकढी प्यावी.

मार्गदर्शकाच्या गोष्टींबद्दलही सांगायला हवं. सातखणी मनोरा त्याने टेहळणीचा बुरूज म्हणून दाखवला. तो फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चचा मनोरा आहे. मग त्याने रेवदंड्याहून कोर्लईपर्यंत कुंडलिकेच्या तळाखालून जाणारं भुयार सांगितलं. महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला अजून कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे ते सोडून देऊ. चीड आली ती त्याने खरी गोष्ट गाळली म्हणून. मार्च १५०८मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचं बस्तान बसलं. रेवदंड्याच्या बंदरावर उभं राहिलं की ते पाणी समोर दिसतं. आम्ही तिथे फक्त फोटो काढले. किल्ला त्यानंतरचा, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१पासून बांधलेला. १५७०-७१ साली त्याच निजामशाहीने त्याला महिनोन् महिने वेढा घातला, तरी तो पडला नाही. १७४०मध्ये मात्र तो मराठ्यांकडे आला. एवढं घरून वाचून निघा. नाहीतर तुमच्या वाट्याला भुयारच येईल.

भरतीचं गणित कोकणात सगळ्यांना येतं, शहरातून जाणाऱ्यांना येत नाही. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रेवदंड्याच्या तटाची समुद्राकडची बाजू वाळूवरून चालत पाहायची तर ओहोटीच हवी. चतुर्थी-पंचमीच्या दिवशी ती सकाळी नऊ-दहाला मिळते आणि ऊनही तोवर बरं असतं. आम्ही गेलो तेव्हा लाटा तटाला भिडत होत्या. एक उत्साही गृहस्थ तरीही निघाले आणि गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन परतले. पावसाळ्यात तर त्या बाजूला फिरकूच नका.

कोर्लई आम्ही भर दुपारी चढलो. पूल ओलांडून, गाव मागे टाकून दीपगृहापाशी जायचं आणि तिथून वर. चढ फार नाही, पण वर सावली नाही आणि प्यायला पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये. बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने १५९४मध्ये ही जागा तटबंद केली आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती जिंकली. डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, तिच्या माथ्यावर लांबट अरुंद किल्ला, आत छप्पर गेलेलं चर्च आणि दोन्हीकडे पाणी. जागा इतकी सुरेख आहे की तिथे घाम पुसत उभं राहण्याचा राग येतो. सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. आमच्यातल्या दोघींना चक्कर आली. मार्गदर्शकाकडे साधी साखर-मिठाची पुडीही नव्हती.

खाली कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीतली माणसं पोर्तुगीजमधून आलेली बोली अजून घरात बोलतात. पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, बोली राहिली. हे ऐकून आमच्यातल्या काहींनी एका बाईंना वाटेत अडवून ‘जरा बोलून दाखवा ना’ म्हटलं आणि फोन पुढे केला. त्या काही न बोलता निघून गेल्या. बरंच केलं.

रामेश्वराची पुष्करणी आम्ही अंधार पडताना पाहिली, म्हणजे पाहिलीच नाही. देवळातल्या पर्जन्यकुंडाबद्दल पुजाऱ्यांना विचारायचं होतं, दुष्काळात ते उघडत असत म्हणून, तेही राहिलं. दत्ताच्या डोंगराच्या सातेकशे पायऱ्या आणि हिंगलाजजवळची लेणी कागदावरच राहिली. ही तिन्ही ठिकाणं चौलच्या बाजूची आहेत, त्यांना वेगळी सकाळ द्या. रेवदंडा-कोर्लई एका दिवशी, चौल दुसऱ्या दिवशी, मधली रात्र एखाद्या घरगुती मुक्कामात. जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. दत्तजयंतीला डोंगरावर पाच दिवस जत्रा असते. ती बघायची असेल तर जरूर जा, मात्र त्या गर्दीत अवशेष शोधायला जाऊ नका.

परतीची गाडी पेणला अर्थातच चुकली. मुंबईकरांनी रेल्वेचा हट्ट सोडून गेटवेहून मांडव्याची लाँच धरावी. तिच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते आणि पुढे रेवदंड्याची एसटी किंवा रिक्षा मिळते. पावसाळ्यात लाँच बंद असते. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो २०२०पासून आहे, तिच्यात स्वतःची गाडी घालता येते. संध्याकाळची शेवटची लाँच किती वाजता, हे मात्र सकाळी उतरतानाच विचारून ठेवा. रेल्वेनेच जायचं असेल तर पेणऐवजी रोह्यापर्यंत जा आणि कुंडलिकेच्या काठाने साळावला या. वाटेत वडखळ लागत नाही, आणि आधी कोर्लई करून मग पूल ओलांडून रेवदंड्यात शिरता येतं. आमच्या मार्गदर्शकाला हा रस्ता माहीत होता. बस पेणला ठरवलेली होती, एवढंच त्याचं म्हणणं.