डेनिम जॅकेट : आधी खांदा, मग आरसा

स्त्रियांच्या डेनिम जॅकेटचे माप चार ठिकाणी ठरते : खांदा, छाती, बाही आणि लांबी. यांतील खांदा चुकला तर बाकीचे तिन्ही बरोबर असूनही जॅकेट अंगाला लागत नाही, आणि शिंप्याकडे नेऊनही ते फारसे सुधारत नाही. म्हणून खरेदीची सुरुवात रंगापासून किंवा लेबलवरच्या आकड्यापासून न करता खांद्यापासून करावी.

हे कळायला प्रस्तुत लेखिकेला एक पूर्ण हिवाळा घालवावा लागला. वर्धा ते सेलू असा रोजचा स्कूटीचा प्रवास, नोव्हेंबरपासून सकाळची बोचरी थंडी, म्हणून जॅकेट घ्यायचे ठरले. दुकानात ते पातळ टी-शर्टवर घालून पाहिले. आरशासमोर हात खाली सोडून उभे राहिल्यावर ते नीटनेटके दिसले. खांद्यात जरा आवळते, असे म्हटल्यावर “वापरता वापरता सैल होईल” हे उत्तर मिळाले आणि ते खरे वाटले. दुसऱ्या दिवशी कुर्त्यावर तेच जॅकेट घालून स्कूटीचे हँडल धरले, तेव्हा पाठ ताणली गेली, बाह्या मनगटाच्या वर सरकल्या आणि काखेत शिवण रुतू लागली. आठवडाभरात पाठीच्या पट्टीजवळची शिलाई उसवली. घरी टेप लावून पाहिले तेव्हा चूक उमगली : जॅकेटचा खांदा १४ इंच होता, हवा होता १५. त्या एका इंचासाठी जॅकेट कपाटात गेले. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर आणि त्यानंतर घेतलेल्या माहितीवर आधारलेले आहे.

कापडाचा स्वभाव

डेनिम हे तिरक्या विणीचे जाड सुती कापड आहे. त्यातील उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरे राहतात. उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखालून निघतो. त्यामुळे कापड बाहेरून निळे आणि आतून पांढुरके दिसते. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरच्या थरावर बसते. कोपर, कॉलर आणि बाहीची कड यांसारखे घासले जाणारे भाग म्हणूनच आधी फिके होतात, आणि नवे जॅकेट रंग सोडते तेही याच कारणाने.

या कापडाचे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून आले, असे सामान्यतः मानतात. त्याच्या जवळच्या नात्यातले दुसरे नाव मात्र मुंबईचे आहे. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रुळला. १८७३ साली अमेरिकेतील कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना कामाच्या पँटला धातूचे रिव्हेट ठोकण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि त्याच परंपरेतून पुढे कामगारांचे जॅकेट तयार झाले. टोकदार झाकणांचे दोन खिसे आणि छातीपासून कमरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शिवणी, हा आज सर्वत्र दिसणारा नमुना १९६२ च्या सुमाराचा आहे. मूळ बेत पुरुषाच्या अंगासाठी होता, म्हणजे खांदा रुंद, छाती सपाट, कंबर सरळ. स्त्रियांच्या जॅकेटमध्ये खांदा आखूड, छातीला जागा आणि कमरेला किंचित आकार लागतो. ज्या जॅकेटमध्ये हे बदल न करता केवळ माप लहान केलेले असते, ते छातीवर बसले तर खांद्यावर लोंबते आणि खांद्यावर बसले तर छातीवर ताणते.

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात घेतले जाई, आणि शेजारच्या यवतमाळला डेनिम विणले जाते. सूत काय सोसते आणि काय सोसत नाही, हे या भागातल्या घरांना शिकवावे लागत नाही. निव्वळ सुती कापड कोपर आणि पाठ अशा वाकणाऱ्या जागी थोडे सैल पडते, पण शिवणीची लांबी वाढत नाही. खांद्याची शिवण आज आवळत असेल तर ती वर्षानेही आवळेल. लेबलवर सुताबरोबर १ किंवा २ टक्के इलॅस्टेन लिहिलेले असेल तर कापडाला लवचीकपणा येतो आणि स्कूटी चालवणारीला त्याचा उपयोग होतो. पण त्या लवचीकतेच्या भरवशावर लहान माप घेऊ नये.

खांदा

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. कुर्त्यावर घालायचे असेल तर ती अर्धा इंच बाहेर चालते. शिवण हाडाच्या आत आली तर बाही वर ओढली जाते. मुद्दाम सैल बेतलेल्या जॅकेटमध्ये शिवण दंडावर उतरलेली असते. तेथे कॉलर मानेला लागून बसते का आणि मुंढा काखेपासून फार खाली आलेला नाही ना, हे पाहावे. मुंढा जितका खाली, तितके हात उचलताना सगळे जॅकेट वर येते.

खांद्याची परीक्षा तीन हालचालींत होते. दोन्ही हात समोर करून स्वतःला मिठी मारल्यासारखे आवळावेत. पाठीत जोराचा ताण आला तर माप लहान आहे. मग फळीवरचा डबा काढावा तसे हात वर करावेत. खालची पट्टी बोटभर वर आली तर हरकत नाही, कुर्त्याची कंबर उघडी पडली तर आहे. शेवटी स्टुलावर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करावेत आणि मान दोन्हीकडे वळवावी. ही तिसरी परीक्षा वर्धेत सर्वांत महत्त्वाची, कारण येथे जॅकेट जास्तीत जास्त वेळ गाडीवरच वापरले जाते.

छाती आणि कंबर

सगळी बटणे लावून जॅकेट पाहावे, मग ते नेहमी उघडे घालायचे असले तरी. बटणांच्या मधल्या जागा फाकल्या किंवा छातीवर आडव्या चुण्या पडल्या तर माप अपुरे आहे. घरी मोजताना बटणे लावून जॅकेट सपाट पसरावे, एका काखेपासून दुसरीपर्यंत टेप लावावा आणि आकडा दुप्पट करावा. छाती ३४ इंच असेल तर कुर्त्यावर घालण्यासाठी जॅकेटचा घेर ३७ ते ३८ इंच हवा. आत स्वेटर घालायचा असेल तर आणखी दोन इंच धरावेत. लेबलवरच्या अक्षरावर विसंबू नये. एका कंपनीचे ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढे असू शकते. घरून निघताना टेप पर्समध्ये टाकावा, तोच खरे सांगतो.

खालच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बटणाची लहान पट्टी असते. ती कंबर थोडी आवळण्यासाठी असते. खाली बसल्यावर शेवटचे बटण ताणत असेल तर ते उघडे ठेवावे. तेवढ्यासाठी मोठे माप घेण्याचे कारण नाही.

बाही आणि लांबी

हात खाली सोडल्यावर बाही मनगटाच्या हाडाच्या अर्धा ते एक इंच खाली, तळव्याच्या सुरुवातीपर्यंत यावी. हँडल धरले की ती एक-दीड इंच मागे जाते आणि मनगटावर येऊन थांबते. उभे असतानाच मनगटावर संपणारी बाही गाडीवर हात उघडा टाकते. लांब वाटलीच तर कफ एकदा दुमडता येतो, आखूड बाही मात्र वाढवता येत नाही.

नेहमीच्या जॅकेटची खालची पट्टी कमरेच्या हाडावर येते. पंजाबी ड्रेस घालणारीने येथे एक खूण लक्षात ठेवावी : जॅकेट कुर्त्याच्या कटाच्या वर संपावे. कट झाकला गेला तर कुर्ता खाली अडकतो आणि चालताना गोळा होतो. साडीवर जॅकेट घालताना आखूड बेत बरा, म्हणजे निऱ्या आणि कंबर मोकळी राहते.

कशावर आणि कसे घालावे

गाडीवर जाताना ओढणीची दोन्ही टोके जॅकेटच्या आत घेऊन बटणे लावावीत. पदर कमरेला खोचून त्यावर जॅकेट घालावे. ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात जीवघेणे असतात आणि बंद जॅकेट त्यांना आळा घालते. मात्र डेनिम म्हणजे संरक्षक पोशाख नव्हे. रस्त्यावर घसरल्यास सुती कापड लगेच फाटते. जॅकेट घातले म्हणून हेल्मेट सुटत नाही.

रंगाबाबत एकच सूत्र पुरते. जीन्सवर घालताना दोन्हींच्या निळ्यात स्पष्ट फरक ठेवावा.

पांढऱ्या आणि फिक्या कपड्यांबाबत अधिक सावध राहावे. वर्धेत खादी केवळ समारंभापुरती राहिलेली नाही. खादी-ग्रामोद्योगाला वाहिलेले येथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते खुले झाले, आणि सेवाग्राम-पवनारच्या परिसरात पांढरी खादी रोजच्या वापरात आहे. लेखिकेने खांद्याला बरोबर बसणारे दुसरे जॅकेट घेतले आणि न धुताच पांढऱ्या खादीच्या कुर्त्यावर घातले. दुपारी घाम आला आणि कुर्त्याच्या कॉलरवर, काखेत आणि मनगटावर निळे डाग उमटले. धुऊन ते फिके झाले, गेले नाहीत. नव्या जॅकेटवर ओले पांढरे फडके दहा-बारा वेळा चोळावे. फडके निळे झाले तर तीन-चार धुण्यांपर्यंत जॅकेट गडद कपड्यांवरच घालावे. डाग पडलाच तर कपडा वाळू न देता साबणाने थंड पाण्यात धुवावा आणि डाग निघेपर्यंत इस्त्री करू नये.

ऋतू आणि वजन

डेनिमचे वजन दर चौरस यार्डाला किती औंस, असे सांगतात. १२ औंसांचे कापड चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम भरते, ८ औंसांचे सुमारे २७०. वर्धेच्या थंडीला ८ ते १० औंस पुरेसे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जॅकेटचा काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हासाठी जाड डेनिम घालणे म्हणजे अंगाची उष्णता कोंडणे. त्या दिवसांत पातळ सुती सनकोटच योग्य. पावसाळ्यात डेनिम लवकर वाळत नाही, कुबट वास धरते आणि भिजल्यावर रंगही सोडते.

धुणे आणि दुरुस्ती

जॅकेट उलटे करून, बटणे लावून, थंड पाण्यात वेगळे धुवावे आणि सावलीत वाळवावे. विदर्भातले ऊन एका उन्हाळ्यात दोरीवरच्या घडीची फिकट रेघ कायमची उमटवते. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने नीळ पक्की होत नाही. सुटा रंग धुण्यानेच जातो. प्रत्येक वापरानंतर धुण्याचीही गरज नसते, हवेशीर जागी टांगणे पुरते.

शिंप्याकडे जाण्यापूर्वी काय होऊ शकते हे माहीत असावे. बाजूची शिवण आत घेता येते, बाही कमी करता येते, उसवलेली शिलाई दुहेरी मारता येते. जाड सुई आणि दणकट मशीन मात्र लागते. घरगुती मशीनवर चार पदरी शिवणीत सुई मोडते. खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा पुन्हा कापावा लागतो आणि खर्च जॅकेटच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. खांदा वाढवणे जवळजवळ अशक्य, कारण शिवणीत तेवढे कापड सोडलेलेच नसते. ठोकलेले धातूचे बटण हलवले तर जुन्या जागी भोक राहते.

म्हणून दुकानात जाताना रोजचा कुर्ता अंगात असावा आणि टेप पर्समध्ये. खांदा हाडावर बसला, तिन्ही हालचाली विनाताण झाल्या आणि फडके पांढरे राहिले, तरच पैसे द्यावेत. “वापरता वापरता सैल होईल” या शब्दावर खांद्यात आवळणारे जॅकेट कोणत्याही बहिणीने घेऊ नये.