तिकीट स्वतः वाचा

अमेरिकेला एकटीने जायचं म्हटलं की बायका विमानाला घाबरतात. मला फोन करून विचारतात तेही तसंच: पट्टा कसा लावायचा, बाथरूमचं दार कसं उघडतं, कान फार दुखतात का? विमानात एकदा बसलं की आपल्याला काहीच करावं लागत नाही, हे सांगून पटत नाही. घोळ होतो तो दोन विमानांच्या मधे, आणि त्याचं बी बहुतेक वेळा तिकीट काढतानाच पेरलेलं असतं. तिकीट काढतात मुलं, तिकडे बसून, रात्री उशिरा, चार साइट चाळून. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर येते ती पीडीएफ. आपण नाव आणि तारीख तपासतो, प्रिंट काढतो, फाइलला लावतो आणि लाडवांच्या तयारीला लागतो.

माझं तिकीट जावयांनी काढलं होतं. मुंबईहून युरोप, तिथून शिकागो, आणि पुढे मुलीच्या गावी मिनिॲपोलिसला. युरोपात मधे वेळ होता 1 तास 10 मिनिटं. विमान कंपनीच्या संगणकाला तेवढा पुरेसा वाटतो, म्हणून तो तसं तिकीट विकतो. मुंबईचं विमान तांत्रिक कारणाने उशिरा सुटलं. उतरल्यावर व्हीलचेअरवाल्यांना एका खोलीत नेऊन बसवलं, माझ्या गुडघ्यांमुळे मीही त्यांत होते. एका मुलाने आमचे बोर्डिंग पास गोळा केले आणि ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणून गेला तो गेलाच. समोर भिंतीवर पडदा. त्यावर शिकागोपुढे बोर्डिंग, मग लास्ट कॉल, मग गेट क्लोज्ड. काउंटरवरच्या बाईंना मी दोनदा जाऊन सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा हसून खुर्चीकडे बोट दाखवलं. हातात बोर्डिंग पास नाही, तर उठून जाणार कुठे?

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. कंपनीने नवा पास दिला आणि सोबत हॉटेलचं कूपन. मला बरं वाटलं. मग पोलिसांच्या खिडकीशी कळलं की हॉटेल विमानतळाच्या बाहेर आहे आणि बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असला की युरोपातल्या बहुतेक विमानतळांवर नुसतं विमान बदलता येतं, दाराबाहेर पाय ठेवता येत नाही. हॉटेल काचेतून दिसत होतं, रस्त्यापलीकडे, नावाची निळी पाटी लावलेलं. रात्र आतल्याच बाकावर काढली.

माझ्या शेजारी नाशिकचे एक काका होते, मुलाकडे टोरांटोला निघालेले. त्यांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, बॅग विमानतळाच्या पोटात, आणि ती मधेच काढून देत नाहीत. विमानतळावरच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर नाव विचारतात आणि काका सांगतात, ‘‘पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली.’’ शेवटी टोरांटोच्या मुलाने त्याच्या फोनमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. गोळी मिळेपर्यंत पहाट झाली होती.

तर आता तिकिटाबद्दल. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. दोन वेगळी तिकिटं जोडून काही हजार रुपये वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं, नवं तिकीट आपल्या खिशातून. एकाच पीएनआरवर असलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. शिवाय प्रवास युरोपातून सुरू होत असेल, किंवा युरोपीय कंपनीच्या विमानाने युरोपात संपत असेल, तर युरोपीय संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. एकाच तिकिटावर नुसतं युरोपात विमान बदलणाऱ्याला तो लागू नाही, असा न्यायालयाचा निकाल आहे. कंपनीच्या चुकीने एवढ्या लांबच्या प्रवासात 4 तासांहून जास्त उशीर झाला तर 600 युरो भरपाई, आणि थांबावं लागेल तेवढा वेळ खाणंपिणं. वादळ, बर्फ अशी कारणं असली तर पैसे नाहीत, खाणं मात्र तरीही द्यावं लागतं. हे तुम्हाला कोणी आपण होऊन सांगत नाही. बोर्डिंग पास आणि खाण्याच्या पावत्या जपून ठेवा. माझ्या मुलीने तरीही अर्ज केला, बरीच पत्रापत्री झाली, पण पैसे आले.

मधला वेळ किती हवा? वयस्कर माणसाला 3 तास. अमेरिकेत उतरून पुढे देशातलं विमान असेल तर मी 4 म्हणेन. कारण बॅगेवर मिनिॲपोलिसची चिठ्ठी लावलेली असली तरी पहिल्या अमेरिकन विमानतळावर ती आपल्याला पट्ट्यावरून उचलावी लागते. इमिग्रेशन, मग बॅग, मग कस्टम्स, मग बॅग परत त्यांच्या ताब्यात, मग शिकागोत टर्मिनलांमधली छोटी गाडी, मग पुन्हा सिक्युरिटी. ‘बॅग थ्रू चेक-इन आहे’ हे मुंबईच्या काउंटरवरचं वाक्य ऐकून निवांत बाहेर पडलेली आणि बॅग पट्ट्यावरच फिरत राहिलेली माणसं मला माहीत आहेत. याला एक अपवाद अबू धाबी. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच उरकतं.

पण त्या वाटेने जाणार असाल तर अनारसे नेऊ नका. अनारशांवरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, आणि तिथले कायदे थट्टेचे नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईलाच बॅग उघडून काढतात. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. आंबेमोहोर अमेरिकेत नेता येत नाही, त्याला कारण खापरा भुंगेरा. धान्यातल्या या किडीची त्यांना इतकी धास्ती आहे की भारतातून प्रवाशाने तांदूळ आणलेला चालत नाही. सोललेले-भरडलेले नसलेले चणे आणि कडधान्यंही नकोत. लाडू, चकली, मसाला, लोणचं चालतं, मात्र खाण्याचं काही आहे का विचारलं की ‘येस’ म्हणायचं. ‘येस’ म्हटल्यावर फार तर बॅग उघडतील. ‘नो’ म्हटलं आणि एक कढीपत्त्याची जुडी निघाली तर शेकडो डॉलर दंड.

व्हीलचेअर गुडघे दुखत असतील तर जरूर घ्या, तिला पैसे पडत नाहीत. तिकिटासोबतच किंवा निदान 48 तास आधी कंपनीला कळवावं. पण बोर्डिंग पास आणि पासपोर्ट ढकलणाऱ्याच्या हातात राहू देऊ नका. दाखवायला द्या आणि परत मागा. कुठे बसवून गेला तर विमानाची वेळ मोठ्याने सांगा, आणि बोर्डिंगला पाऊण तास उरला की उठा. इंग्रजी मोडकं असलं तरी ‘शिकागो, इलेव्हन ट्वेंटी’ एवढं कोणालाही कळतं. आपल्या पिढीला ओशाळायची सवय फार. अमेरिकेत ढकलणाऱ्याला चार-पाच डॉलर देण्याची रीत आहे, तेव्हा सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, आठवडाभराच्या गोळ्या पाकिटासकट, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, एक बदलायची साडी किंवा ड्रेस आणि कागदावर लिहिलेले मुलांचे नंबर व पत्ता. फोनची बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते. पॉवर बँकही याच पिशवीत, मोठ्या बॅगेत ती ठेवू देत नाहीत. इन्शुलिनही हातातच.

शाकाहारी असाल तर आधी कळवून ‘एशियन व्हेजिटेरियन मील’ मागा. ‘हिंदू मील’ मागू नका. त्यात कोंबडी किंवा मासे येतात, नुसतं गोमांस नसतं. माझ्या एका मैत्रिणीने झाकण उघडलं आणि पुढचे 8 तास शेंगदाण्यांवर काढले.

इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला विचारलं तेवढंच सांगायचं, आणि खरं सांगायचं. कोणाकडे, किती दिवस, परत कधी. भाषा अडली तर दुभाषा मागता येतो. व्हिसा 10 वर्षांचा असला तरी राहायची मुदत तो अधिकारी ठरवतो, साधारण 6 महिने. ती तारीख आय-94 या नोंदीत असते. घरी पोहोचल्यावर मुलीकडून ऑनलाइन बघून घ्या आणि परतीचं तिकीट त्याच्या आतलंच ठेवा.

आता हे मुलांसाठी. 100 डॉलर वाचतात म्हणून आईला तासाभराचं कनेक्शन देऊ नका. त्या तासात तुम्ही सॅक पाठीला लावून पळू शकता, ती पळू शकत नाही. पैसे भरण्याआधी तिला फोन करा, कुठे किती वाजता उतरायचं आणि पुढचं कधी सुटतं ते वाचून दाखवा, आणि ती ‘नको रे’ म्हणाली तर दुसरं तिकीट बघा.