मातीचे घोडे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराविषयीची कृतज्ञता या लहानशा प्रतिकृतीतून प्रकट होते. प्राचीन काळीही मनुष्याला जनावरांची सोबत प्रिय होती. ती मृत्यूनंतरही सुटू नये, अशी अनेकांची इच्छा असे.

याच जिल्ह्यात खैरवाडा येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. हे दगड आपोआप तसे पडलेले नाहीत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ती वर्तुळे रचली. नागपूरजवळ माहुरझरी येथेही अशीच वर्तुळे आहेत. तेथे १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेव्हा माणसांच्या अस्थींबरोबर मातीची भांडी, लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अवशेषही सापडले. घोड्यांसाठी घडविलेले तांब्याचे अलंकारही त्यांत होते. धन्याच्या मृत्यूबरोबर त्या प्राण्यांचाही बळी दिला गेला असावा.

चीन देशातही पूर्वी अशीच रीत होती. राजाच्या थडग्यात खरे घोडे, इतकेच नव्हे तर जिवंत माणसांचे बळीही पुरले जात. पुढे कुंभारांच्या हातांनी हळूहळू निराळी वाट दाखविली. इ. स. पू. २१० मध्ये मरण पावलेल्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ मातीचे हजारो सैनिक आणि शेकडो घोडे उभे केलेले होते. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांचा शोध लागला. त्यानंतरच्या हान राजवंशातील जिंग या सम्राटासाठी तर मातीच्या गाई, मेंढ्या, डुकरे, कुत्रे व कोंबड्या यांच्या रांगाच पुरल्या होत्या. तांग राजवंशाच्या काळी पिवळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या झिलईचे घोडे व उंट घडविले गेले.

मातीचा घोडा भट्टीत भाजला गेला, म्हणून खऱ्या घोड्याचे प्राण वाचले. कलेने दयेला असे साहाय्य केले.

आज शेते व रस्ते वाढत असताना अशी दगडी वर्तुळे सहज मोडली जातात. एक दगड हलविला, तरी इतिहासाचे एक पान फाटते. म्हणून ती जपणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. ज्यांनी ती रचली, त्यांनी आपल्यासाठी लिहिलेला एक शब्दही मागे ठेवलेला नाही. त्यांची कहाणी सांगायला केवळ हे दगड आणि त्यांखालची माती उरली आहे.