झोपेतल्या लाथांविषयी

चि. निनादस,


तुझ्यामागोमाग मृणालचाही फोन आला. तू म्हणालास, ‘ती उगाच बाऊ करतेय, मी छान झोपतो.’ बाळा, या बाबतीत तुझा शब्द मी प्रमाण मानणार नाही. झोपलेल्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. जे दिसतं ते शेजारी जागं असणाऱ्याला. तिच्यावर चिडू नकोस. डॉक्टरांकडे जाताना तिला बरोबर ने आणि बोलायचं काम तिलाच करू दे.

तिने फार नीट पाहिलं आहे. झोप लागून थोडा वेळ गेला की तुझ्या पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघाही. मग पाय सैल पडतो आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच. पहाटेपर्यंत हे बरंच ओसरतं. झोप लागता लागता अंग एकदम दचकतं, तो प्रकार वेगळा आणि निरुपद्रवी. तुझे झटके मात्र ठरावीक अंतराने येतात, बहुधा 20 ते 40 सेकंदांनी, आणि तेही रात्रीच्या पूर्वार्धात.

फिटची धास्ती तू बोलून दाखवली नाहीस, पण मला ती ऐकू आली. 1953 साली इंग्लंडमधल्या सिमंड्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा झटक्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही हा अपस्माराचाच प्रकार वाटला होता. पुढे इटलीत बोलोन्याला लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या रात्रभराच्या नोंदी घेतल्या आणि ती समजूत मागे पडली. मृणालच्या वर्णनावरून मलाही ही फिट वाटत नाही.

आता मला एक खरं सांग. संध्याकाळी टीव्हीपुढे बसलास की पोटऱ्यांत वळवळ होते का? पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, असं? स्वीडनच्या एकबोम यांनी 1945 साली याला ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हटलं. हा त्रास असणाऱ्या दहांतल्या आठांहून अधिक जणांचे पाय झोपेतही झटके देतात. रेस्टलेस लेग्जचं निदान कुठल्या यंत्राने होत नाही, विचारूनच होतं. म्हणून लाजू नकोस.

माझा संशय तुझ्या रक्तदानावर आहे. दर तीन महिन्यांनी तू रक्त देतोस, याचा मला अभिमान आहे. पण प्रत्येक बाटलीबरोबर शरीरातलं लोह जातं, आणि तुझं जेवण शाकाहारी, वर जेवणानंतर लगेच चहा. हिमोग्लोबिन उत्तम असूनही साठ्यातलं लोह आटलेलं असू शकतं. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, आणि या दुखण्याचा धागा तिथेच जुळतो. तेव्हा हा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घे. सर्दीतापात नको, तेव्हा आकडा खोटाच वर दिसतो. लॅबच्या कागदावर 30-40 लाही ‘नॉर्मल’ छापतात, पण पायांच्या या त्रासात 75 च्या खाली असेल तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. मनाने गोळ्या सुरू करू नकोस. जास्तीचं लोहही अपाय करतं. निकाल येईपर्यंत रक्तदान थांबव आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेव.

रात्री सर्दीसाठी घेतोस ती झोप आणणारी गोळीही डॉक्टरांना दाखव. तसल्या काही गोळ्यांनी, आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही, हे झटके वाढतात.

नुसते झटके असतील आणि दिवसा तरतरी असेल, तर पुष्कळदा औषध लागतच नाही. घोरणं असेल, दिवसा पेंग येत असेल, तर स्लीप स्टडी करावी. त्यात नडगीच्या स्नायूवर तारा लावून झटके मोजतात आणि श्वास अडतो का तेही कळतं. कुणी प्रामिपेक्सोल लिहून दिलं तर आधी मला कळव. सुरुवातीला त्याने फार बरं वाटतं, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर तेच औषध त्रास वाढवू शकतं, म्हणून हल्ली ते पहिल्यांदा देत नाहीत.

पहाटेच्या सुमारास तू ओरडायला लागलास, स्वप्नातल्या भांडणासारखे हात चालवायला लागलास, तर मात्र ही गोष्ट वेगळी. तेव्हा वेळ न घालवता न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं.

रिपोर्टचा फोटो पाठव. तोवर मृणाल पलीकडच्या खोलीत झोपली तर रुसू नकोस. तिलाही सकाळी सातची लोकल गाठायची असते.

तुझी,
आत्या