तालमीतील वही

कराड

चि. बाळास,



कोल्हापुरातील एका तालमीत राहून मल्लांच्या दुखापतींची आणि खुराकाची वर्षभर नोंद ठेवण्याचे काम तू पत्करले आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले; आणि चाळीस वर्षांपूर्वी असल्याच उद्योगात मी कसा तोंडघशी पडलो होतो हे आठवून चार शब्द लिहिण्याचा मोह आवरला नाही.

त्या वेळी मी नुकताच दवाखाना थाटला होता. एका तालमीत दर रविवारी जाऊन, कोणाचा खांदा निखळला, कोणाचा गुडघा सुजला, याची बिनचूक फेरिस्त मी वहीत उतरवीत असे. आणि एका मैदानाच्या आधी जोडी ठरविणाऱ्या कारभाऱ्यांनी ती मागितली तेव्हा, त्यात काही वावगे आहे अशी शंकाही मनाला न शिवता, मी ती त्यांच्या हवाली केली. एका उमद्या पोराची ठरलेली कुस्ती त्यामुळे रद्द झाली. पुढचे तीन महिने त्या तालमीत एकही दुखापत झाली नाही. म्हणजे माझ्या वहीत झाली नाही! प्रत्यक्षात पोरे रात्री आंबेहळदीचा लेप लावून निजत होती आणि मी दिसताच ताठ चालत होती. वही ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती मल्लाचे भवितव्य असेल, तर वही खोटी होते. म्हणून नावाऐवजी आकडा घाल, नावांची फेरिस्त आपल्या कुलपात ठेव, आणि ती कोणी मागावयाची नाही हा करार वस्तादांशी आरंभीच कर.

दुखापत कशाला म्हणावयाचे, हेही आधीच ठरव. चुरगळलेला कान डॉक्टरच्या लेखी इजा असेल, पण पैलवानाच्या लेखी तो बिल्ला आहे. त्याची तक्रार तो कधीच करणार नाही. केवळ दुखले, उपचार करावे लागले, आणि सराव बुडाला, या तीन निरनिराळ्या बाबी असून त्यांचे रकाने वेगळे हवेत, नाहीतर दोन तालमींची तुलना म्हणजे शेर आणि मापटे यांची सरमिसळ होईल. शिवाय नुसती संख्या फसवी असते. वीस मल्ल रोज चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस घाम गाळतात, तेव्हा २,००० तास भरतात. त्यांत सहा जायबंदी झाले, तर हजार तासांस तीन. दुसरीकडे पाच जण रोज दोन तास, वीस दिवस खेळले आणि दोघेच जायबंदी झाले, तर हजारास दहा. सहापेक्षा दोन लहान, हे खरे. पण धोका त्या दोनांच्या तालमीत अधिक! तेव्हा जो धडधाकट आला त्याचीही हजेरी तासांसह मांड.

खुराकाविषयी सावधपणे बोल. थंडाई, तूप, दूध यांची वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शिस्त हसण्यावारी नेणारा शहाणा मला तरी शहाणा वाटत नाही. परंतु भरल्या ताटावरही उपास घडतो, हे त्यांना समजावून सांगण्याजोगे आहे. चरबी वगळता साठ किलो देह असलेल्या मल्लाने ३,००० कॅलरी घेतल्या आणि मेहनतीत १,५०० खर्चिल्या, तर देहव्यापारास किलोमागे २५ च उरतात. ही शिल्लक तिसाच्या खाली दीर्घकाळ राहिली, तर हाडे, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांच्यावर तिचा परिणाम दिसू लागतो. ही व्याधी पूर्वी केवळ स्त्री-खेळाडूंची मानली जाई. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला व्यापक नाव देऊन पुरुषांनाही त्यात गणले.

त्याहून भयंकर म्हणजे वजनगटात बसण्यासाठी एका रात्रीत पाणी तोडणे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल, वाफ बाहेर न जाऊ देणाऱ्या पोशाखात घाम गाळता गाळता, सुमारे महिन्याभराच्या अवधीत मरण पावले. मग त्या पोशाखांवर आणि बाष्पस्नानावर तेथे बंदी आली, व वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या निकट आणण्यात आली. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अवघ्या शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरली, तेव्हा आपण हळहळलो ते पदकासाठी. आदल्या रात्रीच्या त्या शरीराची कैफियत कितीजणांनी विचारली?

विलेम व्हान मेखेलन या डच संशोधकाने १९९२ साली मांडलेला क्रम तू पाठ केलाच असशील: दुखापती मोजाव्या, कारण शोधावे, उपाय योजावा, आणि पुन्हा मोजावे. हे शेवटचे मोजणे बहुतेकजण टाळतात, कारण उपाय स्वतःचा असतो. आपल्याकडे तर पहिले मोजणेही राहून गेले आहे: आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ साली कांस्यपदक मिळवून आले, आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्नला मुकले. आपल्या मातीतील गुडघ्यांचा हिशेब इतका जुना थकलेला आहे.

वस्तादांना माझा नमस्कार सांग. पहिल्या महिन्याची वही भरली की तिची नक्कल टपालाने धाडून दे; मात्र मी मागितली तरीही, नावांची फेरिस्त पाठवू नकोस.

तुझा,
काका